वाचकांचे प्रश्न : इमारतीत टांगलेला गोळा

प्रश्न : नोकरीनिमित्त तैवानला असलेल्या आमच्या मुलाने तैपेई १०१ या गगनचुंबी इमारतीतून फोटो पाठवला आहे. त्यात तो एका भल्यामोठ्या सोनेरी गोळ्यासमोर उभा आहे आणि ‘वादळात इमारत याच्यामुळेच उभी राहते’ असे लिहितो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतल्या पोफळी मधूनच मोडलेल्या पाहिल्यामुळे हे पटत नाही. खरे काय?
एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : आपली शंका रास्त आहे. इमारतीला तोलून धरतात ते काँक्रीट भरलेले आठ अजस्र पोलादी खांब आणि खाली खडकात रोवलेला पाया. गोळ्याचे मुख्य काम निराळे आहे : वरच्या मजल्यांवरील माणसांना गरगरू नये, हे पाहण्याचे. ५०८ मीटर उंचीची वास्तू वाऱ्यात थोडी डोलणारच. पोफळही एरवी वाकते म्हणूनच तगते.

हा गोळा म्हणजे पोलादाच्या ४१ जाड चकत्या एकावर एक रचून केलेला, सुमारे साडेपाच मीटर व्यासाचा आणि ६६० टनांचा लंबक असून तो ९२व्या मजल्यापासून पोलादी दोरांनी खाली सोडलेला आहे. त्याच्या एका झोक्याला लागणारा वेळ इमारतीच्या स्वतःच्या झोक्याशी जुळवलेला असल्यामुळे इमारत एकीकडे कलली की गोळा मागे रेंगाळतो आणि तिला उलट ओढतो. ओटीवरचा झोपाळा पुढे येत असताना कोणी तळहात आडवा धरला की झोका मरतो, तसेच हे. त्यातला जोर गोळ्याभोवतीचे तेलाचे दट्टे जिरवतात. गाडीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचेच ते थोरले भाऊ.

इतरत्र अशी यंत्रणा बहुधा बंद खोलीत दडवलेली असते. इथे ती मुद्दाम उघडी ठेवली, हे मला त्या वास्तूचे खरे मोठेपण वाटते. सर्वांत उंच इमारतीचा मान २०१० मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफाकडे गेला, तरी पाचव्या मजल्यावरून ८९व्या मजल्यावर लिफ्टने ३७ सेकंदांत पोहोचलेले पर्यटक शहर पाहून झाले की या गोळ्याच्या कठड्याशी रेंगाळतात. ऑगस्ट २०१५ च्या सौदेलोर वादळात तो सुमारे एक मीटर झुलला होता. शांत दिवशी मात्र त्याची हालचाल डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून फोटोत तो आपल्याला नुसता शोभेचा वाटला असेल.