फरशी बदलण्याआधी घराची काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत शामरावनगरला तळमजल्याचं वीस-बावीस वर्षांचं घर, शहाबादी काढून २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्या आहेत, आई-वडिलांसह घरात राहूनच काम करून घ्यायचंय, गणपतीच्या आधी संपवायचंय, तर सामान कसं हलवावं आणि आणखी काय तयारी ठेवावी?

सामानाचं सांगतेच, पण आधी तारखेचं बोलू. गणपतीच्या आधी हे काम काढू नका.

मी गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या भागात राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर पाहिलं तर जुनी फरशी जागोजागी खचलेली. दिवाळी नव्या फरशीवर व्हावी असा आम्हीच हट्ट धरला आणि ऑक्टोबरात टाइल्स बसवून घेतल्या. वरून सगळं कोरडं ठणठणीत दिसत होतं, खालचा भराव ओलाच होता. उन्हाळा लागल्यावर सांध्यांतून पांढरी पूड यायला लागली. पुसली की आठवड्यात परत. मग हॉलच्या मधोमध पाऊल पोकळ वाजायला लागलं. पुढे मे महिन्यातल्या एका दुपारी धाडकन आवाज झाला. स्वयंपाकघरातून धावत आले तर दोन टाइल्स एकमेकींना रेटून छपरासारख्या उभ्या राहिल्या होत्या. मिस्त्रीने मध्ये फट ठेवली नव्हती. उन्हानं टाइल्स फुगल्या, त्यांना सरकायला जागा नव्हती आणि खालच्या सिमेंटच्या मालानं तर त्यांना कधीच सोडलं होतं. मधे २०२१ चा पूरही येऊन गेला. शेवटी २०२२ च्या फेब्रुवारीत सगळं उकरलं आणि पहिल्यापासून केलं. काम संपल्यापासून त्या फरशीचं आजवर एकही ठिकाण वाजलेलं नाही.

तुमच्याकडे तर काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. जुलै-ऑगस्टमध्ये उकरलंत तर फुगलेल्या जमिनीवर लेव्हल धराल आणि एप्रिलमध्ये तीच जमीन फरशीखालून खाली बसेल. जानेवारी ते मार्च हा आपल्याकडे या कामाचा काळ. गणपती यंदा शहाबादीवरच बसू दे. काळ्या दगडावर रांगोळी किती उठून दिसते ते टाइल्स आल्यावर आठवेल तुम्हाला.

तोवर एक काम मात्र आत्ताच करून ठेवा. कोपऱ्यातली एक शहाबादी उचकटून खाली काय आहे ते पाहा. मुरूम आहे, नुसती माती आहे, की सिमेंटचा कोबा? आमच्या स्वयंपाकघरात फरशी उचलल्यावर हात कोपरापर्यंत आत जाईल एवढं घुशीचं बीळ निघालं. फरशी त्या पोकळीवर नुसती टेकून होती. बिळात दगड आणि फुटक्या काचा ठासून वरून सिमेंटचा माल ओतला. ते न करता वर कितीही महागाची टाइल बसवली असती तरी तिथं तडा ठरलेला होता. वाळवीचे माग दिसले तर औषध मारायची वेळही तीच, फरशी काढलेली असताना.

भराव कच्चा असेल तर मिस्त्रीशी आधीच ठरवून घ्या: सैल माती काढायची, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पसरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग तीन-चार इंचांचं काँक्रीट. हा कागद विसरू नका. जमिनीतली ओल वर चढते ती तिथंच अडते. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा आणि नंतर सुकू द्या. सुकलं की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून दव धरलेलं असेल किंवा खालचा भाग काळपट दिसला तर आणखी आठवडाभर थांबा. आमच्याकडे पहिल्या खेपेला दव, दुसऱ्या खेपेलाही थोडं, तिसऱ्या खेपेला कागद कोरडा निघाला. त्या तीन आठवड्यांत मिस्त्री रोज फोन करायचा, पण मी हलले नाही.

आता उंचीचं. फरशीची तयारी म्हटलं की लोक कपाटं आणि पलंग मोजतात, पण खरा घोळ उंचीत होतो. मिस्त्रीला लेव्हल बघायची पाण्याची नळी घेऊन एक दिवस आधी बोलवा. सगळ्या खोल्यांत भिंतीवर एकाच पातळीची खूण करून घ्या, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. मग प्रत्येक दाराशी, न्हाणीच्या उंबऱ्याशी, जिन्याच्या पायथ्याशी त्या खुणेपासून खाली टेप लावून मापं कागदावर लिहा. कुठं किती फरक आहे ते तिथंच उघडं पडतं. आमच्या हॉलमध्ये आणि मागच्या खोलीत सव्वा इंचाचा फरक होता. पंचवीस वर्षं आम्ही तो ओलांडत होतो आणि कुणाला माहीतच नव्हतं.

ही मापं समोर ठेवून चार गोष्टी बघा. फरशी वर येणार असेल तर दारं खालून घासतील, तेव्हा ती आधी काढून सुताराकडून रंधून घ्यावी लागतील. स्वयंपाकाचा ओटा तेवढाच बुटका होईल. ३३ इंचांचा ओटा ३१ वर आला की भाकरी थापणारीची पाठ बोलते. न्हाणी आणि संडासची फरशी घरापेक्षा किमान अर्धा इंच खाली राहिलीच पाहिजे, नाहीतर पाणी घरात येतं. आणि चौथी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची, कारण घरात वयस्कर माणसं आहेत: जिना. खालची फरशी दोन इंचांनी वर आली की पहिली पायरी दोन इंचांनी बुटकी होते आणि बाकीच्या तशाच राहतात. पायाला वर्षानुवर्षांची सवय असते. तो जुन्याच उंचीचा अंदाज घेतो आणि उतरताना शेवटच्या पायरीला माणूस अडखळतो. माझ्या सासूबाई पहिल्या कामानंतर तिथंच दोनदा धडपडल्या. दुसऱ्या कामात फरशीखालचा जुना मसाला पूर्ण खरवडून फरशी जुन्या पातळीलाच आणली. जुन्या फरशीवरच टाइल्स चिकटवून द्या असं कुणी सुचवलं तर याच कारणासाठी नको म्हणा. शिवाय खाली पोकळी असेल तर ती तशीच राहते.

फरशी उघडी आहे तोवर पाइपांचं उरकून घ्या. जुन्या नळाच्या लोखंडी पाइपा गंजल्या असतील तर आत्ताच बदला. ड्रेनेजच्या पाइपांचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवा आणि पातळी उतरते का बघा. बुजवण्याआधी प्रत्येक पाइपशेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढा. पुढे कधी भोक पाडायची वेळ आली तर भिंतीपासून किती इंचांवर पाइप आहे ते हातात असतं. लाइटच्या पट्ट्यांसाठी भिंतीला चर मारायचे असतील, प्लास्टर करायचं असेल तर तेही फरशीच्या आधी. रंगाचा शेवटचा हात मात्र फरशीनंतर.

घरात राहून काम करायचं तर घराचे दोन भाग करा. आधी मागच्या खोल्या, मग पुढच्या. एक खोली, एक संडास आणि गॅसची एक शेगडी कायम चालू राहील असं बघा. शेगडी हलवताना रेग्युलेटर बंद करून नळी काढा आणि परत जोडल्यावर साबणाच्या पाण्यानं गळती बघा. फ्रिज उभाच न्या, आडवा करावा लागला तर पुन्हा चालू करण्याआधी काही तास उभा राहू द्या. लोखंडी कपाट रिकामं करा आणि खाली जुनी वाकळ सारून त्यावरून ओढा, दोन माणसांत सरकतं. नव्या फरशीवर परत आणतानाही वाकळच घाला. पितळी भांड्यांच्या आणि पुस्तकांच्या पेट्या लहान बांधा, मोठी पेटी कुणाला उचलवत नाही.

देव हलवायचे कसे हा प्रश्न तुमच्या आईंना पडेलच. सासूबाईंनी आदल्या दिवशी पूजा करून तबकात तांदूळ पसरले, टाक आणि बाळकृष्ण त्यावर ठेवले आणि रोजची पूजा चालू राहील अशा वरच्या खोलीत नेले. त्यांचा निम्मा घोर तिथंच गेला. मिस्त्री येण्याआधी हे झालेलं असू द्या, घाईत कुणी देव पिशवीत भरले की घरातल्या मोठ्यांना ते फार लागतं.

धुळीला हलक्यात घेऊ नका. टाइल आणि काँक्रीट कापताना उडणारी बारीक धूळ सिलिकाची असते आणि ती फुप्फुसात बसते. कटर अंगणात लावायला सांगा, पाणी सोडून कापायला सांगा, आणि कापणाऱ्या मुलाला मास्क तुम्ही आणून द्या. तो आपल्या घरासाठी दिवसभर ती धूळ खातो. वडिलांना दमा किंवा खोकला असेल तर उकरण्याचे आणि कापण्याचे दिवस त्यांना नातेवाइकांकडे पाठवा. सासूबाई तेवढे दिवस मिरजेला माझ्या नणंदेकडे होत्या.

राडारोड्याची सोय आधी करा. ४०० चौरस फुटांवरचा तीन इंचांचा थर म्हणजे १०० घनफूट, एक ब्रास, आणि उकरल्यावर तो फुगतो. ट्रॉली ठरलेली नसेल तर तो ढीग तुमच्या दारात पावसापर्यंत पडून राहतो. धड निघालेली शहाबादी मात्र फेकू नका. आमची मागच्या अंगणात तुळशीभोवती बसवली आहे.

टाइल्सचा हिशेब करताना स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, विसरू नका. १२ बाय १४ ची खोली म्हणजे १६८ चौरस फूट. चार इंचांच्या स्कर्टिंगचे साधारण १७ धरा, म्हणजे १८५. तुटफुटीचे दहा टक्के धरून २०३. चार टाइल्सच्या बॉक्समध्ये १६ चौरस फूट येतात, म्हणजे १३ बॉक्स. प्रत्येक बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर उतरवताना स्वतः बघा, एक जरी वेगळा निघाला तरी परत करा. एक बॉक्स कायमचा माळ्यावर ठेवा.

मिस्त्रीशी दोन गोष्टी काम सुरू होण्याआधी बोला, नंतर वाद होतात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीवर तिची पकड बसत नाही. टाइल ॲडहेसिव्हच लावायचं. आणि सांध्यात फट राखायला दोन मिलिमीटरचे स्पेसर घालायचे, भिंतीच्या कडेलाही थोडी फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. शेवटचे पैसे देण्याआधी रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल चारी कोपऱ्यांत आणि मधोमध वाजवून बघा. पोकळ वाजेल तिच्यावर खडूनं फुली करा. आमच्या दुसऱ्या कामात अकरा फुल्या निघाल्या होत्या, मिस्त्रीने त्या अकराही काढून परत बसवल्या.