गुडघाभर गवत आणि बॅटरी

प्रश्न: पुण्यात घरापुढे छोटं लॉन आहे, २० व्होल्टचं बॅटरीवालं ग्रास ट्रिमर घेतलंय पण जुलैत दहा मिनिटांत बसतं. मशीन खराब आहे का हो?

उत्तर: बहुतेक नाही. बॅटरी २ अँपिअर-अवरची असेल तर २० गुणिले २, म्हणजे जेमतेम ४० वॉट-अवर (बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा) झाले, त्यात पावसाचं ओलं गवत ट्रिमरच्या गवत कापणाऱ्या नायलॉनच्या दोरीला गुंडाळतं, मोटर जोर लावते आणि चार्जिंग भुर्रकन उडतं. उघडीप मिळाली, पाती सुकली की कापा, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशच, नाहीतर लॉन पिवळं पडतं (माझं पडलंय, बायको अजून ऐकवते). तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला नको, आधी गार होऊ द्या. उन्हाळ्यात काम नसेल तेव्हा अर्धी चार्ज करून सावलीत ठेवा.