नखांची फ्रेम आणि टिचबटणं

प्रश्न : ताई, घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटं पार्लर आहे. नेल आर्टचे नमुने प्लॅस्टिकच्या टिप्सवर, म्हणजे नकली नखांवर, काढले आणि साध्या फोटो फ्रेममध्ये डबल टेपने चिकटवले. काच नखांना टेकते, खडे घासले जातात. मे महिन्यात तर निम्मी नखं गळून तळाशी साचली आणि पांढरी होती ती पिवळी पडली. घरच्या घरी नीट फ्रेम कशी करावी?
– एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : ताई, चूक तुमच्या हाताची नाही, टेपची आहे. आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर गेला की टेपचा गोंद मऊ पडतो. त्यात टिप आतून पोकळ, तिच्या नुसत्या कडाच टेपला टेकतात. ती टिकणार कशी?

अंबाजोगाईत पार्लर काढण्याआधी मी ब्लाउज शिवायचे, त्यामुळे मला यावर टिचबटण सुचलं. सगळ्यात लहान टिचबटणं घ्या. टिपच्या पोकळीत एम-सीलची हरभऱ्याएवढी गोळी दाबा, ओली असतानाच तिच्यात बटणाचा एक भाग बसवा आणि रात्रभर हात लावू नका. दुसरा भाग कापडावर चार टाके घालून शिवा. यासाठी ० ते ४ नंबरच्या रुंद टिप्सच घ्या. करंगळीच्या टिपमध्ये बटण मावत नाही. नख लावताना मधोमध दाबायचं, टोकाला दाबलं तर वरच्या जेल पॉलिशला चीर जाते.

कापड म्हणजे कोरा मांजरपाट, पुठ्ठ्यावर ताणून मागून टाचलेला. मी आधी हौसेने हिमरूचा, म्हणजे नक्षीदार विणीच्या कापडाचा, तुकडा लावला होता. तो इतका देखणा की नखांकडे कुणी बघेचना! काढून टाकला.

फ्रेमवाल्याला सांगा, देवाच्या तसबिरीत मूर्ती बसवतात तशी खोल फ्रेम हवी, काच आणि कापड यांत निदान २ सेंटीमीटर जागा सोडून. काच बिजागरीवर, दारासारखी उघडणारी घ्या. १२ बाय १० इंचात २४ नखं ऐसपैस बसतात. जास्त कोंबू नका.

टिप रंगवण्याआधी स्पिरिटने पुसा. ॲसिटोन नको. मी एकदा वापरलं आणि टिप्स बोटाला चिकटायला लागल्या, कारण ते प्लॅस्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं. जेल पॉलिश त्याच्या यूव्ही दिव्याखाली पूर्ण वाळवा, वर टॉप कोट द्या. पिवळेपणा उन्हाने येतो, म्हणून फ्रेम दारासमोर किंवा पश्चिमेच्या खिडकीजवळ टांगू नका. पांढरे, फिके रंग आधी पिवळे पडतात, ते सावलीच्या बाजूला ठेवा.

आणि फ्रेममध्ये फक्त तुमच्या हातचं काम ठेवा. मोबाइलवरचं बघून एकदाच कसंबसं जमलेलं नको. गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं. माझ्याकडे पैठणीच्या काठातल्या मुनियाचं, म्हणजे पोपटाच्या नक्षीचं, एक नख आहे. ती चोच नीट यायला मला अकरा टिप्स लागल्या, बारावी फ्रेममध्ये गेली.

टिचबटणांचा खरा फायदा पुढेच आहे. नवरी मुलगी आली की मी काच उघडते, नख काढून तिच्या हातात देते. ती ते बोटावर धरून दाराच्या उजेडात जाते, आईला दाखवते, मेंदीच्या रंगाशी जुळवून बघते. मग परत आणून स्वतःच टिचकन लावते.