एचडीआर फोटो घरच्यांना आवडतात, जाणकार नाकं मुरडतात. मग बरोबर कोण?

तुम्ही विचारलंय की तीन एक्स्पोजर (एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम) जोडून केलेले तुमचे एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, फोटो नातेवाइकांना भारी वाटतात, पण अनुभवी मंडळी ‘खोटं’, ‘बटबटीत’ म्हणून मोडीत काढतात, तेव्हा ऐकायचं कुणाचं. या गाढवपणाचा माझा अनुभव दांडगा आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

माझा पहिला एचडीआर फोटो एका जुन्या लाकडी जिन्याचा होता. वळणावर खिडकी, बाहेर टळटळीत ऊन, खाली पायऱ्यांवर अंधार. खिडकीसाठी मोजमाप घेतलं की पायऱ्या काळ्याकुट्ट, पायऱ्यांसाठी घेतलं की खिडकी पांढरी फटक. मग कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, एफ ८ (भिंगाचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर) आणि आयएसओ १०० (संवेदनशीलता) पक्कं केलं आणि फक्त शटर बदलत पाच फ्रेम घेतल्या: १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद. दोन-दोन स्टॉपच्या उड्या, म्हणजे दर वेळी चौपट उजेड. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये प्रकाशाचा साधारण २५० पटींचा फरक. (अ‍ॅपर्चर बदलून ब्रॅकेटिंग (अशा कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेणं) करू नका. प्रत्येक फ्रेमची डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे कुठवर स्पष्ट दिसतं ते) वेगळी येते आणि जोडताना कडा फिसकटतात.)

घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये पाचही फ्रेम टाकल्या आणि समोर जे उमटलं ते बघून मी खुर्चीतून उठलोच. प्रत्येक पायरीची रेघ न् रेघ, कठड्यावरचे ओरखडे, कोपऱ्यातलं जळमट, खिडकीबाहेरच्या झाडाचं पान न् पान, सगळं एकदम. मग परिणाम वाढवणारा स्लायडर आणखी उजवीकडे. आणखी थोडा. लाकूड तांब्यासारखं चमकायला लागलं, भिंतीचा चुना निळसर झाला. मला वाटलं, आता काही बाकी राहिलं नाही.

काकूंनी तो फोटो मोठा करून मागितला. मला फोटोग्राफी शिकवणाऱ्या सरांनी मात्र तो बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, “अरे, ऊन कुठून येतंय यात?”

मी पुन्हा पाहिलं. खरंच कळत नव्हतं. खिडकी आणि तिच्याखालची पायरी जवळजवळ सारख्याच उजळ होत्या. जिन्यात सावली उरलीच नव्हती, आणि सावली नाही म्हटल्यावर उजेडाला दिशा कुठून असणार?

तुमचं भांडण इथेच आहे. एक्स्पोजर जोडणं हा भाग निरुपद्रवी. त्यातून मिळते ती भरपूर माहिती असलेली फाइल, जी साध्या पडद्यावर किंवा कागदावर जशीच्या तशी मावत नाही. ती मावेल अशी दाबायची म्हणजे टोन मॅपिंग, आणि आवडीनिवडीचा सगळा खेळ त्या दाबण्यात आहे. सबंध चित्राला उजळ-गडद ठरवणारा एकच वक्र लावला तर चित्र शांत राहतं पण फिकं वाटू शकतं. लोकल पद्धतीत प्रत्येक बिंदू आजूबाजूच्या परिसराशी ताडून उजळ किंवा गडद केला जातो. बारकावे उठून दिसतात ते त्यामुळेच, आणि काळ्या छपराच्या कडेने आकाशात जी पांढरी प्रभावळ दिसते तीही त्यामुळेच. छपराला लागून असलेल्या आकाशाच्या ‘परिसरात’ काळं छप्पर मोजलं जातं, म्हणून सॉफ्टवेअर तेवढा पट्टा जास्तच उजळ करतं. हॅलो म्हणतात तो हाच. तो एकदा ओळखू यायला लागला की सगळीकडे दिसतो, आणि जाणकारांची नाकं बहुधा त्यालाच मुरडलेली असतात.

पण ‘खोटं’ हा आरोप मला पटत नाही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो काढले, त्यातल्या काहींत आकाशाची निगेटिव्ह वेगळी आणि पाण्याची वेगळी आहे. तेव्हाच्या प्लेटा निळ्या रंगाला फारच संवेदनशील असायच्या, त्यामुळे पाणी नीट आलं की आकाश कोरं व्हायचं. त्याने दोन निगेटिव्ह एका कागदावर छापून अडचण सोडवली. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार डार्करूममध्ये हाताने, पुठ्ठ्याने उजेड अडवत प्रिंटचा एकेक भाग गडद-फिका करायचा. डिजिटल फोटोंमधून खरा प्रकाश मोजून काढायचं गणित डेबेव्हेक आणि मलिक या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलं. २००५ मध्ये फोटोशॉपमध्येही एक्स्पोजर जोडून एचडीआर करायची सोय आली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्यासारख्यांनी असा काही धुडगूस घातला की ‘एचडीआर’ हे एका तंत्राचं नाव न राहता एका भडक चेहऱ्याचं नाव झालं. शिवीच म्हणा ना.

गंमत अशी की नाकं मुरडणारे स्वतः रोज एचडीआर काढतात. आयफोनमध्ये ही सोय २०१० मध्ये आली. गूगलची एचडीआर प्लस पद्धत तर मुद्दाम कमी एक्स्पोजरच्या बऱ्याच फ्रेम भराभर घेऊन जोडते, म्हणजे आकाश जळत नाही आणि सावलीतला नॉइज (दाणेदारपणा) सरासरीत विरतो. वापरणाऱ्याला पत्ताही नसतो. (टीव्हीच्या खोक्यावर लिहिलेलं एचडीआर हे वेगळं प्रकरण. तिथे पडदाच जास्त उजळ होऊ शकतो, त्यामुळे इतकं दाबायची वेळ येत नाही.)

मग आवड इतकी वेगळी का? मला वाटतं, दोघंही डोळ्यांचाच दाखला देतात, फक्त वेगवेगळा. जिन्यात उभं असताना मी खिडकी पाहिली तेव्हा डोळा खिडकीला जुळला, पायरीकडे पाहिलं तेव्हा पायरीला. आठवणीत दोन्ही स्पष्ट आहेत, म्हणून काकूंना तो फोटो खरा वाटला. सरांना आठवत होतं ते डोळे दिपणं, खिडकी पायरीपेक्षा कितीतरी उजळ असणं. दोन्ही गोष्टी त्या जिन्यात होत्याच. आणि काकूंनी फोटो पाहिला फोनवर, हाताएवढा. सरांनी पाहिला मोठ्या पडद्यावर. लहान आकारात भडकपणा खपून जातो, मोठ्या आकारात तोच अंगावर येतो.

माझा स्वतःचा कल आता सरांकडे आहे, हे लपवत नाही. खिडकी पायरीपेक्षा उजळच दिसली पाहिजे, कितीही दाबलं तरी. एवढा क्रम सांभाळून रंगांची हवी तेवढी उधळण करा, माझी हरकत नाही. गंजलेली यंत्रं, पडीक कारखाने असल्या विषयांना तो रापलेला, खरबरीत एचडीआर शोभतोही. माणसाच्या चेहऱ्याला मात्र चुकूनही लावू नका. त्वचेचं प्रत्येक छिद्र आणि डोळ्यांखालचं काळं असं वर येतं की समोरचा पुन्हा फोटो काढू देणार नाही.

प्रयोग सोडू नका, पण एक सवय लावून घ्या: फाइल सेव्ह करून झोपा. स्लायडर ओढत बसलं की दहा मिनिटांत नजर मरते, भडक तेच साधं वाटायला लागतं. सकाळी त्या फाइलवर मधल्या एक्स्पोजरची साधी फ्रेम लेयर म्हणून ठेवा आणि तिची अपारदर्शकता निम्म्यावर आणा. बरेचदा काम तिथेच होतं. मग चित्र घटकाभर कृष्णधवल करून बघा. उजेड कुठून येतोय ते रंगांशिवायही कळलं, तर ठीक. आणि काढण्याआधी हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) बघा. दोन्ही टोकांना ढीग साचत नसेल तर एचडीआरची गरजच नाही, एक रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल पुरते. धुक्यात, जिथे उजेड-अंधाराचा फरकच नसतो, तिथेही तीन फ्रेम घेणाऱ्यांत मीही होतो.

घोस्टिंगबद्दल थोडक्यात: वाऱ्यात हलणारी पानं आणि चालणारी माणसं जोडताना दुहेरी दिसतात. सॉफ्टवेअर ते काही अंशी पुसतं, पण एकाच फ्रेममधून झाड उचलून मास्क करणं (बाकी भाग झाकून तेवढंच वापरणं) जास्त भरवशाचं.

गेल्या वर्षी मी त्याच पाच जुन्या फ्रेम काढून जिना नव्याने केला. पायऱ्यांवर अंधार ठेवला, कठड्यावर उन्हाची एकच तिरीप. सरांना दाखवला तर म्हणाले, “बरा आहे. खिडकी अजून जराशी करडी वाटते.” काकूंना दोन्ही शेजारी ठेवून विचारलं. त्यांनी चष्मा लावून नवा नीट पाहिला आणि म्हणाल्या, “याच्यात दिवे गेलेत का रे?” भिंतीवर अजून जुनाच आहे.