मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं का? आणि ऑपरेशन फेको पद्धतीनेच करावं का?
थांबू नका हो. पिकू द्या म्हणायचे ते जुन्या काळी, १०-१२ मिमीचा छेद घेऊन भिंग काढायचे आन वर टाके. आमच्या आजीचं धुळ्याला तसंच झालेलं, हिरवी पट्टी, महिनाभर चुलीपुढं बसायची बंदी. आता फेकोत २-३ मिमीच्या छेदातून अल्ट्रासाऊंडने भिंग फोडून ओढून घेतात, घडीची कृत्रिम लेन्स आत उलगडते, डोळा बधिर करायला बऱ्याचदा इंजेक्शनपण नाही नुसते ड्रॉप, उलट जास्त पिकलेला कडक मोतीबिंदूच फेकोला जड जातो. तसा असेल आणि डॉक्टर एसआयसीएस (लहान छेदातून हाताने भिंग काढायची पद्धत) म्हणाले तर नाक मुरडू नका, ६-७ मिमीचा छेद पण सहसा बिनटाक्याचं, खर्च कमी आणि नजर जवळपास तेवढीच चांगली येते. लेसरने मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचे जास्तीचे पैसे मात्र मी तरी देणार नाही.