घड्याळवेडे प्रत्यक्ष भेटले की मैत्री होते का, का नुसता व्यवहार?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन कोल्हापुरात आलाय, आजोबांचं बंद पडलेलं फेवर ल्युबा, म्हणजे ते जुनं स्विस घड्याळ, आणि दोन-चार एचएमटी जवळ आहेत, आणि इथं जुनी घड्याळं जमवणारी माणसं एकत्र भेटतात त्यात खरी मैत्री होते का सगळं खरेदी-विक्रीपुरतंच असतं. मी माझ्यापुरतं सांगतो. होते, आणि चांगली घट्ट होते.

मी पहिल्यांदा गेलो ते रंकाळ्यावर, रविवारी सकाळी. सहा-सातजण कट्ट्यावर बसलेले, मधे एक पिवळं फडकं अंथरलेलं आणि त्यावर घड्याळं. मी माझं एचएमटी पायलट घेऊन गेल्तो, फोटो बघून मागवलेलं, काळी डायल एकदम चकाचक. त्यात एक रिटायर्ड सर होते, त्यांनी आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, डोळ्याला लावला, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "मशीन चांगलंय, पण डायल नंतर रंगवलीय बघा." माझं तोंडच उतरलं. मग त्यांनी स्वतःचं पायलट शेजारी ठेवलं आणि आयग्लास माझ्या हातात दिला, म्हणाले आता तुम्हीच बघा. माझ्या डायलवरची अक्षरं जाड आणि कडेला पसरलेली, मिनिटाच्या रेघा कमी-जास्त अंतरावर, त्यांच्या डायलवर सगळं सुईनं काढल्यासारखं. कोण हसलं नाही हे मला अजून आठवतंय. उलट एकेकानं आपण कुठं कसं फसलो ते सांगायला सुरुवात केली आणि चहा दोनदा झाला तरी ते संपेना.

दोन महिन्यांनी सरांनी खिशातनं कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी काढली. आत पायलटची ओरिजिनल डायल, एका मेलेल्या घड्याळातली, जराशी ओरखडलेली, पण अस्सल. पैसे विचारले तर रागावले, "माझ्याकडं डबीतच पडून होती, तुझ्या हातावर तरी फिरू दे." तोवर मला अहो-जाहो करत होते, त्या दिवसापासनं अरे-तुरे करायला लागले.

यामागं एक साधं कारण पण आहे. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली, आपल्याकडं घरटी एक तरी एचएमटी असायचं, लग्नात जावयाला, नोकरी लागल्यावर पोराला. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आता पार्ट पाहिजे असला की बऱ्याचदा दुसऱ्या बंद घड्याळातनंच काढायला लागतोय, आणि ते बंद घड्याळ कुणाच्या तरी ड्रॉवरमधे असतंय. म्हणजे एकट्यानं हा छंद होतच नाही. आमच्यातला एकजण शिरोलीला कारखान्यात लेथवर काम करतो, माझ्या एका घड्याळाचं मागचं झाकण काय केल्या निघेना तर पठ्ठ्यानं सुट्टी झाल्यावर थांबून त्या झाकणाच्या मापाची चकती बनवून आणली. आता ती चकती सगळ्यांच्यात फिरत असते.

पण खरं मला कळलं ते २०१९ च्या पुरात. आमचं घर शाहूपुरीत, पाणी इतक्या झटक्यात वाढलं की आईला आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडलो, वडिलांचं एचएमटी जनता खालच्या ड्रॉवरमधे राहिलं. वडील गेल्यानंतर मी रोज सकाळी त्याला चावी द्यायचो. पाणी ओसरल्यावर ड्रॉवर उघडला तर आत नुसता गाळ, आणि काचेच्या आतनं तपकिरी पाणी. मी सरांना फोन केला आणि मला बोलताच येईना. ते एवढंच म्हणाले, "चावी देऊ नकोस, सुकवत पण बसू नकोस, आहे तसं घेऊन ये." स्टीलचे पार्ट गंजायला वेळ लागत नाही आणि गाळ असताना चावी दिली की चक्रं घासतात, म्हणून. त्या रात्री सरांच्या घरी आम्ही चौघं, मशीन उघडून एकेक पार्ट आधी स्वच्छ पाण्यात आणि मग पेट्रोलमधे धुतला, लेथवाला भावा स्वतःच्या घरातला चिखल तसाच टाकून आल्ता. बॅलन्स, म्हणजे आत मागं-पुढं फिरणारं चाक, गंजला होता, तो तिसऱ्याच एकाच्या बंद जनतातनं काढला, त्यानं विचारायच्या आत झाकण उघडून दिलं. रात्री दीडला घड्याळ सुरू झालं. सेकंदाला पाच ठोके पडतात त्याचे, सरांनी ते आधी माझ्या कानाला लावलं. डायलवर पुराच्या पाण्याचा डाग राहिलाय, सगळ्यांनी सांगितलं तो काढू नको, मी काढला नाही.

व्यवहार होत नाही असं नाही, होतो, पण किंमत शेवटी निघते. आधी घड्याळ कुणाचं होतं ते विचारतात. कुणी किंमतीवरनंच सुरुवात केली तर लोक बोलतात नीट पण मोकळे होत नाहीत, हे मी दोन-तीनदा बघितलंय. दुसऱ्याच्या घड्याळाला न विचारता चावी द्यायची नाही, हातात घेताना स्वतःची अंगठी काढायची, आणि नकली वाटलं तर चारचौघांत दवंडी न पिटता ज्याचं आहे त्याच्या हातात आयग्लास द्यायचा, सरांनी मला दिला तसा. एवढं पाळलं तरी बास.

आम्ही अजून रविवारी सकाळीच बसतो, आठच्या आसपास, पावसाळ्यात मात्र सरांच्या घरी. आजोबांचं फेवर ल्युबा घेऊन या. तोवर ते कुठं पॉलिशला टाकू नका, काच बदलू नका, पट्टा तुटका असला तरी तसाच राहू दे. आजोबा काय करायचे, ते त्यांनी कधी घेतलं, घरात कुणाला माहीत असलं तर विचारून या, सर पहिलं तेच विचारणार.