फुगलेली पॉवर बँक, वास मारणारं खत आणि गळका नळ

पर्यावरणपूरक घराबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे सगळे डबे काढून काचेचे घ्यावेत का?

नको. आहेत ते फुटेपर्यंत वापरा. फक्त त्यांत गरम पदार्थ भरू नका.

प्रश्न : खताच्या डब्याला घाण वास येतो. विक्रेता म्हणतो, कल्चरचं (कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं) आणखी एक पाकीट घाला.

तो म्हणणारच! वास येतो म्हणजे ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन-तीन वाट्या वाळका पाला, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा घाला आणि दोन दिवसांनी तळापासून वर-खाली करा. मूठभर खत दाबलं तर पिळलेल्या फडक्याइतकं ओलसर लागावं, पाणी निथळू नये. सूक्ष्मजीव कचऱ्यात आधीपासून असतातच. मात्र घरात कोणाला दमा असेल तर खत ढवळण्याचं काम त्यांना देऊ नका आणि डबा कुठे ठेवायचा हे डॉक्टरांना विचारा. खतात बुरशीचे बीजाणू असतात.

प्रश्न : 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी त्याच डब्यात टाकली तर चालेल?

नाही. यातल्या बऱ्याच पिशव्यांना कुजायला साठ अंशांच्या आसपास उष्णता सतत मिळावी लागते. ती मोठ्या प्रकल्पात मिळते, बाल्कनीतल्या डब्यात नाही. किती दिवसांत आणि कोणत्या तापमानाला कुजते हे छापलेलं नसेल, तर पिशवीवरच्या हिरव्या पानाला भुलू नका.

प्रश्न : व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फरशी पुसते. फेस छान येतो.

फेस येतो, सफाई होत नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात, मागे उरतं बहुतांश पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

प्रश्न : जुनी पॉवर बँक फुगली आहे. टाचणीने हवा काढू, की मिठाच्या पाण्यात बुडवून कचऱ्यात टाकू? दोन्ही उपाय मोबाइलवर फिरत आहेत.

आधी ती टाचणी खाली ठेवा. आत हवा नाही, इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं रासायनिक द्रावण) बिघडून तयार झालेला ज्वलनशील वायू आहे. भोक पडलं की आतले थर एकमेकांना भिडतात, शॉर्ट सर्किट होतं आणि सेल स्वतःच्याच उष्णतेने पेटत जातो. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, तो फुप्फुसांना घातक. मिठाच्या पाण्याने टोकं गंजतात, पाणी दूषित होतं आणि सेल पूर्ण उतरला की नाही हे कळायला घरी काही मार्ग नसतो. असले उपाय मोबाइलवर पुढे पाठवणारे आग लागली की विझवायला येत नाहीत.

कचऱ्याचा डबा हा तर त्याहून वाईट उपाय. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपतो, कागद-प्लास्टिक पेटतं आणि भाजतो सफाई कामगार. 'घरातलं सगळं ई-साहित्य जमलं की एकदम देऊ' म्हणून वर्षानुवर्षं ड्रॉवर भरणाऱ्यांवर माझा खास राग आहे.

तेव्हा चार्जिंग आजपासून बंद. उघड्या टोकांवर चिकटपट्टी लावा. ती पॉवर बँक गादी, पडदे आणि मुलांचे हात यांच्यापासून लांब, कोरड्या वाळूवर ठेवा. अधिकृत ई-कचरा केंद्राला आधी फोन करून फुगलेली बॅटरी घेता का ते विचारा, कारण सगळे घेत नाहीत. ती गरम लागली, फुसफुसली किंवा धूर आला, तर उचलायला जाऊ नका. घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

प्रश्न : वॉशिंग मशीनचं पाणी झाडांना घालावं का?

शोभेच्या झाडांना, अधूनमधून आणि त्यात ब्लीच नसेल तर. ते एका दिवसाहून जास्त साठवू नका. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना अजिबात नको. डिटर्जंटमधलं सोडियम मातीत साचतं. वर पांढरट थर दिसला तर थांबा आणि रोपवाटिकेतल्या जाणकाराला कुंडी दाखवा.

प्रश्न : नळ थेंब थेंब गळतो. खाली बादली ठेवली आहे, पाणी वापरतो. मग हरकत नाही ना?

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण वीस लिटर. रात्री बादली भरून वाहते तेव्हा कोण वापरतं? बहुतेकदा वॉशर झिजलेला असतो. मुख्य कॉक बंद करून तो बदलता येत असेल तर बदला, नाहीतर आजच प्लंबरला बोलवा.